पुरती चढल्याशिवाय सही नाही

त्यांच्याशी बोलायचं तर आधी मान वर करावी लागे. ते उंच होते असं मुळीच नाही, माझ्याहून चार बोटं बुटकेच. पण कोणीही समोर आलं की नमस्कार-चमत्कार राहायचे बाजूला आणि पहिला प्रश्न यायचा, "वर बगितलं का?" पोस्टमनला विचारत, चहावाल्याला विचारत, जिल्ह्याहून आलेल्या तपासणीसाला विचारत. समोरचा गोंधळून वर बघायचा. वर तार असेल तर हे तिच्याकडे बोट दाखवायचे, आणि नसेल तर "आता बोला" म्हणायचे. सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडववाल्याला उभारलेला मांडव दहा हात सरकवायला लावला होता, कारण वरून विजेची तार जात होती. वरपक्ष तासभर उन्हात उभा राहिला. त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही.

आमचं खातं कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर खात्याला काही वाटणार नाही, माझ्याच मागे कागद लागतील, आणि ते मी एकदा भरपूर भोगले आहेत. एवढंच सांगते, की आशागडच्या पुढे रस्त्याला लागून आमचं आवार होतं, आवारात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ती गाडी. गाडीच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या सात नळ्या, एकात एक घातलेल्या. मिटल्या की माणसापेक्षा जरा उंच. खालून कॉम्प्रेसरने हवा भरली की एकीतून एक बाहेर येत त्या चढत जायच्या, पार नारळाच्या शेंड्यापर्यंत. टोकाला चार मोठे दिवे आणि वायरलेसची एरियल. डहाणू-तलासरीत जमीन अधूनमधून हलते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. हलली की लोक घरं सोडून अंगणात येतात, मोबाइल मुके होतात, आणि मग ही गाडी निघते. कागदावर तिचं नाव दोन ओळींचं होतं. साहेब 'मास्ट' म्हणत, ड्रायव्हर 'खांबा' म्हणे आणि ते 'काठी' म्हणत.

काठीची देखभाल हे त्यांचं काम. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. मी तिथली लिपिक. ते मला 'मॅडम' म्हणत, रागावले की 'ओ क्लार्क', आणि फारच खूश असले तर 'बाय'. 'बाय' मी तीन वर्षांत चार-पाच वेळा ऐकलं असेल.

मूळचे नरपडचे. वडील समुद्रावर जाणारे, दोन्ही भाऊही. हे मात्र होडीत पाय ठेवला की ओकायचे. "बापाने तीनदा नेलं," ते सांगत, "चौथ्यांदा बाप म्हणाला, तू जमिनीवरची डोलकाठी सांभाळ." हे वडील खरंच म्हणाले, की त्यांनी मागाहून रचलं, कोण जाणे. आयटीआय करून ते वापीला गेले आणि कंपन्यांमध्ये कॉम्प्रेसर दुरुस्त करू लागले. अशा सहा कंपन्या सोडल्या. माणसं नोकऱ्या मोजतात त्या पगारावरून. हे मोजायचे ते कशावर सही केली नाही त्यावरून. एका ठिकाणी सेफ्टी वॉल्व्ह बदलला असं लिहून मागितलं, नव्हता बदलला, सोडली. दुसरीकडे टाकी तपासली असं लिहून मागितलं, टाकी अजून ट्रकमध्येच होती, सोडली. बायको म्हणे, "यांच्या सहीसाठी सोनं द्यायला पाहिजे कोणीतरी. मी तर रेशनकार्डावर घ्यायला दोन दिवस मागे फिरले."

काठीला ते आंघोळ घालत. दुसरा शब्द नाही. मऊ फडकं, बादलीत लहान मुलांच्या साबणाचं पाणी, वरून खाली एकेक नळी पुसायची, कोरडी करायची, मग तेलाचा नुसता हात फिरवायचा. ग्रीसचं नाव काढलं की डोकं फिरायचं त्यांचं. आमच्या ड्रायव्हरने एकदा चांगल्या मनाने ग्रीस चोपडलं होतं. "ही काय बैलगाडी हाय?" म्हणून त्यांनी त्याला आवारभर ऐकवलं. "किनाऱ्याची वाळू ग्रीसला चिकटंल, वाळू रबराला चिरंल, रबर फाटलं की हवा गेली. आन् हवा गेली की चार दिवे तुझ्या डोक्यात." ड्रायव्हर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. त्यांना ते कळलंही नाही, कारण ते स्वतः कामापुरतंच बोलत.

रोज सकाळी काठीच्या बुडाचा नळ सोडून आत साठलेलं पाणी ते स्टीलच्या पेल्यात घ्यायचे आणि पेला घेऊन ऑफिसभर फिरायचे. "बगा, काल किती दमट होतं." कोणाच्या टेबलावर चहाशेजारी पेला विसरले तर पंचाईत व्हायची. आमच्या हिशेबनिसाने एकदा घोट घेतलाच. मग ते शांतपणे म्हणाले, "मरणार नाय. तेल थोडं हाय त्यात."

दर महिन्याला एक छापील दाखला भरायचा असे: मास्ट तपासला, सुस्थितीत आहे, सही. आधीचा माणूस एप्रिलमध्ये बसून बाराच्या बारा दाखल्यांवर सह्या ठोकून ठेवायचा, आणि ते सगळ्यांना सोयीचं होतं. यांचं तसं नव्हतं. काठी पुरती वर न्यायची, हवा बंद करायची, सगळ्यात खालच्या जोडावर बायकोच्या नेलपॉलिशने रेघ मारायची आणि तासभर खाली खुर्ची टाकून बसायचं. त्या तासात ते चिकू खात. हाताने सोलून, बिया ओळीने मांडून. रेघ बोटभर खाली आली तर सही नाही. मग साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडे येतात ते शोधायचं, आणि त्या वेळी आवारात कोणी बोलायचं नाही. साहेब फोनवर मोठ्याने बोलत व्हरांड्यात आले, तर हे ओठावर बोट ठेवून त्यांना "शू" करायचे. साहेबांना ते फार लागायचं. इतकी वर्षं नोकरी केली, साहेब मला म्हणाले होते, पण मला शू कोणी केलं नाही. पण दाखला मागितला की उत्तर एकच: "पुरती चढल्याशिवाय सही नाय."

तलासरीकडच्या एका पाड्यावरची गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. आदल्या रात्री दोन-तीन धक्के बसले होते, सकाळी गाडी पोचली. साहेब स्वतः आले होते, सोबत गावचे पुढारी. शाळेसमोर गाडी लावा, फोटो चांगला येतो, असं ठरलं. यांनी वर बघितलं. शाळेच्या कौलांवरून तार जात होती. "हितं नाय," म्हणाले. साहेब म्हणाले, अहो लांब आहे ती. हे म्हणाले, वारा आला की लांब राहत नाय. साहेबांनी ड्रायव्हरला हुकूम केला, तू चढव. तेव्हा यांनी गाडी आणि कॉम्प्रेसर दोन्हींची एकच चावी होती ती काढली, खिशात घातली आणि चालत पलीकडच्या खळ्यात जाऊन मांडी घालून बसले. सगळे बघतच राहिले. एका म्हातारीने मला विचारलं, "हा बाबा रागावलाय का?" मी म्हटलं, नाही, असाच आहे. मग पाड्यावरच्या माणसांनीच गाडी ढकलत खळ्यात नेली, कारण चावीशिवाय ती सुरूही होत नव्हती. काठी उघड्या आभाळाखाली पुरती चढली. साहेबांचा फोटो आला तो खळ्यातला, मागे गवताची उडवी.

हे साहेब विसरले नव्हते. मीही त्यांच्या जागी असते तर विसरले नसते.

मग मोठ्या साहेबांची भेट ठरली. सरकारी ऑफिसात मोठे साहेब येणार म्हटलं की पहिली गोष्ट रंग. झाडांना गेरू-चुना, दगडांना चुना, गेटला काळा, पाण्याच्या टाकीला निळा. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "आवारात जे जे उभं आहे ते ते चकचकीत दिसलं पाहिजे. मास्टसुद्धा." मी यादी लिहिली. लिपिकाला एक सवय असते, ती मरेपर्यंत जात नाही: तोंडी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर पहिली ओळ 'मा. साहेबांच्या तोंडी आदेशानुसार' अशीच लिहायची. तशी लिहिली. खाली टाकी, गेट, दगड, आणि शेवटी 'गाडीवरील मास्ट – चंदेरी'. त्याखाली माझी सही. काठीवर रंग चालतो का, हे मला माहीत नव्हतं. ते दोन दिवस पुतणीच्या सासरी उंबरगावला गेले होते. एक फोन करता आला असता. मी केला नाही, कारण ते 'नाय' म्हणाले असते आणि मग साहेबांना ते मला सांगावं लागलं असतं.

रंगारी तिकडचाच, गुजरातीत बोलणारा. त्याने गाडीकडे बोट करून विचारलंसुद्धा, "मॅडम, आ थांभलाने पण कलर मारवानो?" मी म्हटलं, "हा, एने पण." ड्रायव्हरने बटण दाबून काठी अर्धी वर घेतली, शिडी पोचली तिथपर्यंत रंगाऱ्याने नळ्या चंदेरी केल्या. फार सुंदर दिसत होत्या. संध्याकाळी वारा सुटला म्हणून ड्रायव्हरने काठी खाली घेतली. रंग ओलाच होता.

भेटीच्या दिवशी सकाळी ते आले, नेहमीप्रमाणे नळीवर हात फिरवला आणि हात तसाच धरून उभे राहिले. हाताला चंदेरी लागलं होतं. त्यांनी हवा भरून पाहिली. कॉम्प्रेसर घरघरला, नळी हलली नाही. लगेच बंद केला. शाळेतली मुलं प्रात्यक्षिक बघायला रांगेत बसवली होती, अगदी गाडीला लागून. त्यांनी मुलांना आधी उठवलं आणि पार गेटपाशी नेऊन बसवलं. साहेब धावत आले. "नुसती थोडी चढवा, दाखवण्यापुरती."

"अडकलेली नळी हवा धरून ठेवते, साहेब. धरते, धरते आन् एकदम सोडते. वर चार दिवे हायत. ते कोणाच्या पोराच्या डोक्यावर पाडू?"

तेवढ्यात मोठे साहेब गाडीतून उतरले. आमचे साहेब पुढे होऊन काही बोलणार, तर हे मध्ये उभे राहून म्हणाले, "साहेब, काठी आज चढणार नाय. चार दिवस द्या, मग बोलवा." मोठे साहेब हसले, चहा प्यायले आणि गेले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं. आमच्या साहेबांचा चेहरा मात्र आवारातल्या चुन्यासारखा झाला होता.

पुढचे चार दिवस ते काठी सोलत होते. सातही नळ्या सुट्या केल्या, बांबूच्या चोया तासून घेतल्या आणि त्या चोयांनी रंग खरवडला. पत्र्याचं पातं लावलं तर ओरखडा पडतो म्हणून बांबू. मला म्हणाले, "ओ क्लार्क, बसा." मी दुपारची सुट्टी आणि ऑफिस सुटल्यावरचा तास फडकं घेऊन बसू लागले. नखांत चंदेरी गेलं ते दोन आठवडे निघालं नाही. तिसऱ्या दिवशी, मान वर न करता, ते म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं. 'चंदेरी'वरचं टिंब एकदम गोल."

माझा हात थांबला. यादी रंगाऱ्याकडून त्यांच्याकडे गेली होती, आणि तीन दिवस खिशात होती. मी काहीतरी सांगायला लागले, मला माहीत नव्हतं, साहेब म्हणाले म्हणून, वगैरे. त्यांनी शू केलं. "मला कशाला सांगता? मी विचारलं का? ती कडा राहिली बगा."

पाचव्या दिवशी काठी चढली. आवारात आम्ही तिघंच, ते, मी आणि ड्रायव्हर. सातवी नळी बाहेर आली तेव्हा ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, उगीच. ते तासभर खुर्चीवर बसले आणि मग दाखल्यावर सही केली. शेऱ्याच्या जागेत लिहिलं: 'रंग लावल्यामुळे अडकली होती. रंग काढला. आता चढते.'

तो शेरा साहेबांना नको होता. त्यांनी दुसरा कागद मला टाइप करायला दिला. तंत्रज्ञाच्या देखभालीतील हलगर्जीपणामुळे मास्ट कार्यान्वित होऊ शकला नाही, चूक मान्य आहे, पुढे काळजी घेईन. खाली सहीची जागा. त्यांचे अकरा महिने त्याच आठवड्यात संपत होते. साहेबांनी नूतनीकरणाची फाइल टेबलावर उजव्या हाताला ठेवली आणि हा कागद डाव्या हाताला, आणि त्यांना आत बोलावलं. मी बाजूला उभी. दोन्हीकडचे कागद मीच टाइप केले होते.

त्यांनी कागद ओठ हलवत सावकाश वाचला. "हे खोटं हाय," म्हणाले.

"सही करा, उद्यापासून पुढचे अकरा महिने." साहेबांचा आवाज मऊ होता. "कुणाला काही होणार नाही. नुसता कागद आहे."

"काठी पण नुसती नळीच हाय."

साहेब चिडले. "मग लिहा ना, रंग कोणी लावायला सांगितला! लिहा नाव!"

"मी काठीचं लिहिलंय," ते म्हणाले. "माणसांचं माणसं लिहितील."

यादी त्यांच्या खिशात होती. शर्टाच्या पातळ कापडातून घडीची कड मला दिसत होती. ती टेबलावर टाकली असती तर पहिल्याच ओळीने साहेबांचं तोंड बंद झालं असतं. पण त्याच कागदाच्या खाली माझी सही होती, आणि हा माणूस माझ्या सहीवर आपली नोकरी वाचवणार नव्हता. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला. एवढं मोठं मन दाखवायला यांना सांगितलं कोणी? मी म्हटलं, "काका, यादी द्या."

"मॅडम, तुमचं काम नाय हे."

"माझंच आहे. अक्षर माझं आहे. द्या."

त्यांनी खिशातून घडी काढून दिली. मी ती साहेबांसमोर उलगडून ठेवली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. मग शेवटची वाचली. मग माझी सही दाखवली. आवाज चांगला लागला होता. साहेब म्हणाले, "बाहेर जा दोघं."

साहेबांनी तो टाइप केलेला कागद फाडला. फाइलही उघडली नाही. अकरा महिने संपले, मधला एक दिवस गेला, त्यापुढचाही गेला, आणि त्यांना कोणी बोलावलं नाही. मला लेखी विचारणा आली: विनापरवानगी शासकीय यंत्रास रंग लावण्याचे निर्देश दिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. सात दिवसांत खुलासा.

खुलासा मी चार रात्री लिहिला. सगळं खरं लिहिलं. साहेबांनी तोंडी काय सांगितलं तेही, आणि त्या माणसाचा यात काडीचा दोष नव्हता हेही. जुन्या लिपिक मैत्रिणीने एक शब्द सुचवला, 'अनवधानाने'. माझ्याकडून अनवधानाने निर्देश दिले गेले. त्या शब्दावर खात्यात माणसं सुटतात, ती म्हणाली. वेतनवाढ जाईल फार तर, नोकरी राहील. मी तो घातला. साक्षीदार म्हणून कोणाची तरी सही हवी होती, काठी का अडकली ते जाणणाऱ्याची. ड्रायव्हरने हात जोडले. मी रविवारी नरपडला गेले.

ते ओट्यावर बसून शेजाऱ्याचा पाण्याचा पंप उघडत होते. बायकोने चहा दिला. तिने मला विचारलं नाही की कशाला आलात, पण दाराशी उभी राहिली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि खुलासा वाचायला घेतला. ओठ हलवत, एकेक ओळ. दुसऱ्या पानावर थांबले.

"हे 'अनवधानाने' काय?"

"म्हणजे... लक्षात न येता. चुकून."

"माझा फोन नंबर होता ना तुमच्याकडे?"

"होता."

"मग केला का नाय?"

खरं उत्तर त्यांना माहीत होतं, मलाही.

"काका," मी म्हटलं, "त्या एका शब्दावर माझी नोकरी आहे."

"मग राहू द्या की." ते रागावले नव्हते. त्यांनी कागद नीट घडी घालून माझ्यासमोर धरला. "तुमचा कागद हाय, तुम्ही ठेवा तो शब्द. कोणी नावं ठेवणार नाय. मी पण नाय. फक्त सही माझी नाय होणार."

दारातून बायको म्हणाली, "अहो, करा की! ती तुमच्यासाठी उभी राहिली, आन् तुम्ही..."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मला चीड आली. इतकी, की तो कागद घेऊन उठावं, आणि जन्मात पुन्हा या माणसाचं तोंड बघू नये. उठलेही मी. अंगणाच्या टोकापर्यंत गेले. मग परत आले, ओट्यावर बसले, त्यांच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि 'अनवधानाने'वर आडवी रेघ मारली. बाजूला छोटी सही केली, खाडाखोडीवर करतात तशी. वर लिहिलं, 'विचारण्याची भीती वाटली म्हणून'. कागद त्यांच्या पुढ्यात टाकला.

त्यांनी पहिल्या ओळीपासून तो पुन्हा सगळा वाचला. मग पेन घेऊन, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव नरपड, असं पूर्ण, दोन ओळी भरून लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"जा, बाय," म्हणाले. "उद्याच दे."